साहेबांनी आणलेली घोळ

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं.

मी स्वयंपाक करायची ते साहेब कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवून रिटायर झालेले. बाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मॉरिशसच्या ट्रिपला त्यांनी मलाही नेलं. सोलापूरच्या बंगल्यात काय आणि तिथं काय, माझं काम तेच.

ते बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. वितळलेला दगड वाहून गेला आणि मागं पोकळ गुहा उरल्या, असं वाटाड्या हिंदीत नीट सांगत होता. साहेब मध्येच तोंड घालून त्यालाच शिकवायचे. आत छतातून झाडांची मुळं लोंबत होती, टोकाला पाण्याचे थेंब. मला तिथं उभं राहावंसं वाटलं. साहेबांनी बॅटरी मारली, लांबलचक नाव म्हटलं आणि पुढं गेले. नाव म्हटलं की त्यांचं झाड बघून होतं.

बाहेर पडताना गुहेच्या तोंडाशी, उन्हात, खडकाच्या फटीत जाड पानांचं काहीतरी पसरलेलं दिसलं. साहेब खाली वाकले. ‘दुर्मिळ आहे,’ म्हणाले.

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण तेव्हा बोलले. ‘साहेब, घोळ हाय की ती. आमी डाळ घालून खातो. शुक्रवार पेठेत दहाला जुडी मिळती.’

‘कितवी शिकलीस गं?’

‘चौथी.’

‘मग गप्प बस.’

बाई हसल्या. इथलं काही उपटू नका, असं वाटाड्यानं बजावलं होतं. तो पुढं गेल्यावर साहेबांनी ती मुळासकट उपटली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत सरकवली.

परत येताना विमानतळावर तपासणीवाल्यांनी माझी पिशवी उघडली. कोणाची म्हणून विचारल्यावर साहेब छताकडं बघत राहिले. बाई म्हणाल्या, ‘आमच्या स्वयंपाकवालीची. अडाणी आहे, तिला कळत नाही.’ दंड आठ हजार झाला. साहेबांनी भरला आणि घरी आल्यावर माझ्या पगारातून कापायला लागले.

नवरा म्हणाला, ‘सोड ते घर.’ पण पैसे बुडवून पळाली, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं, आणि त्याच गल्लीत माझी आणखी दोन कामं आहेत. एवढं शिकून स्वतःची चोरी बाईमाणसाच्या पिशवीत लपवणाऱ्याला मी आठ महिने गरम भाकरी वाढली.

काल शेवटचे हजार कापले. मी म्हणाले, ‘लिहून द्या.’

‘कशाला?’

‘उद्यापासनं मी येणार न्हाय. मागनं बाकी निघायला नको.’

साहेबांनी चष्मा लावला, पैसे पूर्ण मिळाले असं लिहिलं आणि खाली सही केली.