अकरावं पाऊल

"ऱ्हाऊ दे, जाते मी," असं म्हणून ती टोपली डोक्यावर घ्यायची आणि मोजून अकरा पावलं चालायची. अकराव्या पावलाला आमच्या गल्लीतला नळ यायचा. तिथं थांबून ती पदर नीट करायची, मागं मात्र वळायची नाही. मंडळी, तो पदर चांगला पाच मिनिटं नीट होत असे. मागून हाक आली की सौदा तिचा.

ती भांडीवाली मावशी. जुने कपडे घ्यायची, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. अख्ख्या मंगळवार पेठेत तिला हाक न मारणारी बाई मी पाहिली नाही. माझी आई तर सातव्या पावलालाच शरण जायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नोकरी सोडून घरी कॉम्प्युटरवर गेम बनवत होतो. फाटक्या शर्टापासून सुरुवात करायची, दुकानादुकानांतून वस्तू बदलत शेवटी शिरोळात ट्रॅक्टर मिळवायचा, एवढाच खेळ. एका कॉम्प्युटर क्लासचे मालक तो घ्यायला तयार होते. अट एकच: कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसानं तो अर्धा तास न कंटाळता खेळून दाखवायचा. नाहीतर वडिलांनी माझी रवानगी गगनबावड्याला, काकांच्या छत्र्यांच्या दुकानात ठरवली होती. तिथं पाऊसच असा की छत्री विकावी लागत नाही, नुसती हातात द्यावी लागते. म्हणजे बोलायचंही काम नाही. मी मेलोच असतो.

मित्रांनी चार मिनिटांत ट्रॅक्टर मिळवला आणि जांभया दिल्या. मग मी मावशीला खुर्चीवर बसवलं.

पडद्यावर शर्ट आला.

"कॉलर दाव," ती म्हणाली.

"मावशी, चित्र आहे ते."

"चित्राला कॉलर नसती व्हय?"

पडद्यावरच्या दुकानदारानं शर्टाच्या बदल्यात तांब्या देऊ केला. मावशी थेट त्यालाच म्हणाली, "पावणं, संगट फुलपात्र द्या की." पडद्यावर नुसता तांब्याच. "बहिरं हाय का रं हे?" एवढं विचारून तिनं टोपली उचलली. "ऱ्हाऊ दे, जाते मी."

माझ्या डोळ्यांपुढं भराभरा छत्र्या उघडल्या. खिडकीशी आलो, तर मावशी नळापाशी पदर नीट करत उभी.

"या की मावशी," मी हाक मारली.

"तू गप," ती न वळता म्हणाली. "त्याला मारू दे हाक."

पुढचे आठ दिवस खपून मी गेममध्ये 'जातो' असं एक बटण घातलं. ते दाबलं की खेळणारा दुकानातून चालू लागतो. अकराव्या पावलाला दुकानदार माझ्या आवाजात हाक मारतो आणि काहीतरी वाढवून देतो. फार हाव धरली असेल, तर मारतच नाही.

क्लासचे मालक आले. मावशी पाऊण तास खेळली. शिरोळात ट्रॅक्टरवाला ट्रॉली द्यायला नाही म्हणाला. तिनं 'जातो' दाबलं. सात, आठ, नऊ. मालक खुर्चीच्या टोकावर आले.

"मावशी, वळा, ट्रॅक्टर जाईल हातचा."

"हळू बोला की. पावणं ऐकतंय."

अकराव्या पावलाला हाक आली, "ओ मावशी, या की माघारी!" ट्रॉली मिळाली. मालकांनी गेम घेतला. मावशीनं मात्र खेळण्याची मजुरी म्हणून माझ्या अंगातला शर्ट काढायला लावला, कॉलर तपासली आणि वर मला आमटी वाढायचा एक डाव दिला. मालकांना चहा मी बनियनवर नेऊन दिला.

पुढं मावशीच्या फेऱ्या कमी झाल्या. शेवटची आली तेव्हा आईनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, अकरा पावलं दम धरला. मावशीनं नळापाशी पदर नीट केला, पुन्हा नीट केला आणि मग चालू लागली. आई जिंकल्यासारखी दारात उभी होती. "ईल गुरुवारी," म्हणाली.

मावशी आली नाही.

तो जुना कॉम्प्युटर अजून चालतो. परवा सहज बसलो आणि 'जातो' दाबलं. अकराव्या पावलाला माझा तरुणपणीचा आवाज ओरडला, "ओ मावशी, या की माघारी!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नळापाशी बघ रं. थांबली असंल."