बॅरलकाका

बॅरलकाकांना मी खुर्चीत नीट बसलेलं कधीच पाहिलं नाही. आले की खुर्चीच्या कडेला टेकायचे, चहाचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत उठायचे आणि उरलेला चहा खिडकी ते फ्रिज अशा येरझाऱ्या घालत संपवायचे. त्या येरझाऱ्यांत माझ्या नळाची तोटी पुसली जायची, कपाटाचा सैल स्क्रू पिळला जायचा, देवघरातली समई अंगठ्याने घासली जायची. "अहो काका, बसा की जरा!" असं मी दर खेपेला वैतागून म्हणायची. "बसलो की गंज चढतो गं मला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काका जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी बेल लागोपाठ दोनदा वाजली की मला तेच आल्यासारखं वाटतं.

आम्ही आयर्लंडमध्ये स्लायगोला राहायला आलो तेव्हा आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात ते एकटेच राहत होते. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये ब्रीडाबाई नावाच्या आयरिश आजी. काकू चिंचवडला शाळेत शिकवत, निवृत्तीला अजून अवकाश होता, त्यामुळे काकांचा संसार फोनवर चाले आणि तोही अर्थात चालता चालता. अठराव्या वर्षी ते भोसरीच्या एका वर्कशॉपात बॅरलवर लागले. बॅरल म्हणजे फिरतं पिंप. त्यात लोखंडाचे कापलेले तुकडे, खडे, पाणी आणि साबण घालून तासन्‌तास फिरवत ठेवायचं, म्हणजे तुकड्यांच्या धारा मरतात आणि ते चमकायला लागतात. तिथून एकेक पायरी चढत हा माणूस कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या इथल्या कारखान्यात पॉलिशवर देखरेख करायला येऊन पोचला होता. "इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे गुडघे माझ्या नजरेखालून गेलेत," असं ते छाती काढून सांगत. बॅरलकाका हे नाव मी ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे फोनवर स्वतःच "हां, बॅरल बोलतोय" म्हणू लागले.

शनिवारी सकाळी ते मेटल डिटेक्टर घेऊन स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर जायचे. तिथला वारा माणसाला धड उभं राहू देत नाही, आणि काकांना उभं राहायचंच नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर हेडफोन, पाठीला सॅक. ते यंत्र हळूहळू, सावकाश फिरवायचं असतं म्हणतात. काका अंगण झाडल्यासारखं सपासप फिरवत पुढे निघायचे. या देशात जमिनीतलं पुरातन काही शोधायला डिटेक्टर फिरवणं कायद्यात बसत नाही, म्हणून ते शेतात किंवा एखाद्या पडक्या गढीच्या आसपास पाऊलसुद्धा टाकत नसत. लोकांच्या खिशातून वाळूत पडलेलं, तेवढंच त्यांचं. बाटल्यांची बुचं, तंबूच्या खुंट्या, किल्ल्या आणि नाणी. नाणी अशी की हातात घेतल्यावर खडा आहे की पैसा ते कळू नये, इतकी काळी-हिरवी.

ती साफ करण्यासाठी त्यांनी जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, एक टंबलर बसवला होता. दोन रुळांवर आडवा फिरणारा, लाडवाच्या डब्याएवढा रबरी डबा. मुळात तो दगड गुळगुळीत करण्यासाठी असतो. त्यात नाणी, माशांच्या टाकीतली बारीक खडी, बुडेल इतकंच पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि लोक घालतात त्या व्हिनेगरऐवजी चिंचेचा कोळ आणि मीठ. "व्हिनेगर काय, कोणीही घालेल. माझ्या आईनं घंगाळं चिंचेनं घासलीत," असं त्यांचं म्हणणं. तांब्याची नाणी आणि पांढरी नाणी यांचा घाणा मात्र कडकडीत वेगळा. चुकून एक तांब्याचं पांढऱ्यांत गेलं तर सगळीच गुलाबी होऊन बाहेर येतात. त्यांचं ते सोवळंओवळं बघून मी फार चिडवायची. लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेले इथले सेंट समुद्रात पार फुगून जातात. ते हातात आले की काका डॉक्टरांसारखी मान हलवून बाजूला ठेवत.

सहा-सात तासांनी झाकण उघडायचं, काळंकुट्ट पाणी ओतायचं, आणि मग खडीतून एकेक चेहरा वर यायचा. युरोच्या आधीच्या इथल्या नाण्यांवर जनावरं असत. कुठे घोडा, कुठे बैल, कुठे सामन मासा, कुठे पिलांना घेऊन चाललेली कोंबडी. कोंबडी सापडली त्या दिवशी काका ती दाखवायला रांगेतल्या प्रत्येक घरी जाऊन आले. ब्रीडाबाईंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "अरे देवा, असल्या पेनीला मी गोळ्या आणायची." दिवसभर भिंतीतून येणाऱ्या त्या घरघरीबद्दल त्यांनी त्यानंतर चकार शब्द काढला नाही.

आता टाकाचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत, आणि ते सांगताना मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक होता. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला, घोड्यावर बसलेला, मागे म्हाळसा. मी एकुलती एक. आमच्याकडे देव मुलीकडे जात नाहीत, म्हणून चुलत्यांनी बराच आरडाओरडा केला होता. बाबा एसटीत नोकरी केलेले, आवाज न चढवता बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "प्राजक्ता रोज दिवा लावते. देव तिच्याकडे जाईल." भावकीत त्यांनी माझ्यासाठी कायमचा वाईटपणा घेतला. टाक हातात देताना मला बजावलं, "घासू नकोस हं. ओल्या फडक्यानं पूस फक्त." स्लायगोच्या दमट हवेत तो काळा पडत गेला. मी पुसत राहिले, घासला मात्र नाही.

दिवाळीला आम्ही ब्लँचर्डस्टाउनला दिरांकडे निघालो आणि झाडांना पाणी घालायला काकांकडे किल्ली दिली. "तांब्या, पंचपात्र, काय असेल ते काढून ठेव. लखलखीत करून ठेवतो," ते म्हणाले. मी ताटात काढून ठेवलं. टाक देव्हाऱ्यातच होता. त्याला हात लावू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

परत आलो तर काका दारातच. या पायावरून त्या पायावर. हातात रुमाल, रुमालात टाक. "काळा पडला होता गं देव. दिवाळीत काळा देव कसा ठेवायचा? पांढऱ्यांबरोबर टाकला. दोनच तास, खरंच दोनच तास," ते म्हणाले. पत्रा आरशासारखा झाला होता. कडा वळल्या होत्या. घोडा गेला होता, तलवार गेली होती, आणि चेहरा होता तिथे नुसता उंचवटा उरला होता. कारखान्यात प्रत्येक धातूला वेगळा खडा आणि वेगळी वेळ लावणारा, त्याचा कागद भरून खाली सही करणारा माणूस हा! आमच्या देव्हाऱ्यासमोर त्याला फक्त काळं दिसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी बाबांना फोन करतो. चूक माझी आहे," काका म्हणाले.

"अजिबात नाही. त्यांना हे कळता कामा नये."

"अगं, पण किती दिवस लपवशील?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त गप्प बसा."

मला एकच भीती होती. ज्या मुलीसाठी भावांशी वैर घेतलं तिला देवसुद्धा सांभाळता आला नाही, असं बाबांना वाटलं असतं तर ते काही बोलले नसते. आतल्या आत खचले असते.

पुढचा महिनाभर काकांनी स्वतःचा आणि माझाही जीव खाल्ला. सकाळी कामावर जाताना, संध्याकाळी येताना, मध्येच दूध आहे का विचारायला, दिवसातून तीनदा बेल. "सांगितलंस?" मी म्हणायची, नाही. मग त्या खिडकी-फ्रिज फेऱ्या. शनिवारी किनाऱ्यावर जाणं त्यांनी बंद केलं. एक दिवस ब्रीडाबाईंनी मला कुंपणापाशी अडवून विचारलं, "तुमचा तो माणूस बरा आहे ना गं? भिंत फारच शांत आहे." मी म्हटलं, ग्रँड आहेत, म्हणजे इथल्या बोलीत मजेत. त्यांना ते पटलं नाही, मलाही नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली, नेमकी रविवारी. वांगी शेगडीवर धरून भाजली, भरीत केलं, बाजरीचे रोडगे केले. काकांना बोलावलं, पण दारातच दम देऊन. पानं वाढली, नैवेद्य दाखवला, आणि जेवायच्या आधी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. टाकावर मी भंडारा इतका थापला होता की खाली काय आहे ते खंडोबालाच ठाऊक.

"टाक दाखव गं," बाबा म्हणाले. मी ताट कॅमेऱ्यासमोर तिरकं धरलं.

"वा! उजळलाय की. घोडा कसा स्पष्ट दिसतोय!"

मी सुटकेचा निःश्वास टाकतेय तोच काका पानावरून उठले. अजून घाससुद्धा घेतला नव्हता त्यांनी. माझ्या हातातला फोन त्यांनी अक्षरशः ओढून घेतला. "बाबा, घोडा नाहीये हो. मी घालवला. पोरीची काही चूक नाही. मी मशीनमध्ये टाकला तुमचा देव."

मला काय झालं ते सांगता येत नाही. सणाच्या दिवशी, भरल्या पानासमोर, वडिलांच्या वयाच्या माणसाला मी म्हणाले, "काका, तुम्ही माझ्या घरातून जा. आत्ताच्या आत्ता." माझा नवरा मंदार मध्ये पडू पाहत होता, त्याचंही ऐकलं नाही. काका गेले. बुटांच्या नाड्यासुद्धा न बांधता गेले.

फोनवर बाबा म्हणाले, "प्राजक्ता, मलाही नाही दिसला घोडा."

"म्हणजे?"

"मला तूसुद्धा दिसत नाहीस आता फोनवर. दोन महिने झाले. आवाजावर निभावतोय. तू तिकडे एवढ्या लांब, उगीच जिवाला घोर कशाला, म्हणून बोललो नाही."

त्या आठवड्यात मी साताऱ्याला पोचले. काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचं ऑपरेशन तातडीने झालं आणि त्यातली होती तेवढी नजर टिकली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने थांबला असतात तर हाही गेला असता. काका त्या दिवशी गप्प बसले असते तर आम्ही बापलेक एकमेकांना घोडा दाखवत, घोडा बघत, ते दोन महिने आरामात काढले असते.

टाक मी बरोबर नेला होता. पट्टी सुटल्यावर बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. "घोड्याचं तोंड तर माझ्या आजीच्याच वेळी गेलं होतं," ते म्हणाले. "रोज घासायची ती, चिंच लावून. मग आईनं घासला. मी तुला नको म्हटलं ते राहिलेल्यासाठी. ठेव देव्हाऱ्यात, तोच राहू दे." चुलत्यांना काय सांगायचं, असं मी विचारलं. "झिजला म्हणून सांग," ते म्हणाले. मग टाक परत देता देता त्यांनी सहज विचारलं, "तो माणूस त्या दिवशी जेवला का गं?"

आमच्या घरातून खंडोबाच्या नैवेद्याच्या दिवशी तोवर कधी कोणी उपाशी गेलं नव्हतं.

मी अंगणात जाऊन काकांना फोन लावला. आमचं ते शेवटचं बोलणं. मी परत येईपर्यंत काकू पडून पाय मोडून बसल्या होत्या आणि काका नोकरी सोडून चिंचवडला गेले होते. नंतर आम्ही एकमेकांना "निवांत बोलू" असे निरोप पाठवत राहिलो, आणि श्रावणात काकूंनीच कळवलं की सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरच हृदय बंद पडलं.

त्या दिवशी फोन उचलला तेव्हा ते किनाऱ्यावर असावेत. वाऱ्याचा आवाज येत होता आणि वाळूत भराभर चालण्याचा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "बाबांचे डोळे?"

"एक वाचला, काका."

"वाचला ना? ग्रँड. ग्रँड. देव पावला."

"काका, मी तुम्हाला भरल्या पानावरून उठवलं."

पावलांचा आवाज थांबला. नुसता वारा येत राहिला.

"भरीत मात्र झकास झालं होतं गं," ते म्हणाले. "वासावरूनच कळलं."