बाही घातलेला डबा

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात बटणवाल्या बाईंचं मशीन हिशेबनिसाच्या खोलीला टेकून होतं, आणि मधली भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. फळीला कान लावायची गरजच नव्हती, फळीच बिचारी बोलायची. तर फार वर्षांपूर्वी त्या फळीपलीकडे कटिंग मास्तर आणि हिशेबनीस असे काही भांडले, की ऐकता ऐकता बाईंनी चार शर्टांना उलट्या बाजूने बटणं लावली आणि मग संध्याकाळपर्यंत उसवत बसल्या.

भांडण वर्गणीवरून होतं. शिलाईवरच्या एका बाईचं घर जळालं, तिच्यासाठी सगळ्यांनी पैसे काढले. हिशेबनीस पडला हौशी. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर उभा राहिला आणि कुणी काय दिलं ते मोठ्याने सांगत सुटला. मास्तरांच्या घरी तेव्हा बायकोचं दुखणं, हात अगदी तंग. त्यांचं नाव सगळ्यांच्या शेवटी आलं आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे दान आहे की हजेरी?" मास्तर फळीपलीकडे विचारत होते. "यापुढे असल्या कामासाठी माझ्या टेबलापाशी कुणी यायचं नाही. सांगून ठेवतो."

"नाही येत. दगडातून कुणी पाणी काढतं का?" हिशेबनीस म्हणाला.

हिशेबनीस पुढे नोकरी सोडून गेला. शब्द मात्र कारखान्यातच राहिला. नवा माणूस आला की संडास कुठे, प्यायचं पाणी कुठे, याबरोबरच त्याला सांगितलं जायचं की मास्तरांकडे पैसे मागायचे नाहीत, महाचिक्कू आहेत. मास्तरांच्याही कानावर ते यायचं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते फक्त कात्री जरा जास्त जोरात आपटायचे.

मग इस्त्रीवाले काका आजारी पडले. मागेपुढे कुणी नाही. गावाबाहेरच्या धर्मादाय दवाखान्याने त्यांना शेवटपर्यंत फुकट सांभाळलं. पाळीपाळीने भेटायला जाणाऱ्यांना तिथली एकच गोष्ट टोचायची. थंडीतसुद्धा म्हाताऱ्या माणसांचं अंग गार पाण्याने पुसायचे. आयुष्यभर वाफेत उभा राहिलेला माणूस, त्याला शेवटी तांब्याभर गरम पाणी नाही. काका गेले आणि कारखान्याने ठरवलं, पुढची थंडी यायच्या आत तिथे गरम पाण्याचा बंब बसवायचा.

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, आणि दर पगाराला डबा फिरू लागला. शिलाईपासून निघायचा, काज-बटणांवरून पॅकिंगला जायचा. वाटेत मास्तरांचं कटिंगचं टेबल लागायचं. तिथे आला की डब्याला एकदम पाय फुटायचे.

मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, एकदा बटणवाल्या बाईंना बाजारात भेटल्या. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "तुमचे मास्तर दर पगाराला एक नोट घडी करून वरच्या खिशात ठेवतात. संध्याकाळी तीच घडी परत येते. काकांसाठी आहे म्हणतात. मी सांगितलं असं बोलू नका हं, घर डोक्यावर घेतील."

झालं. आता बाईंच्या पोटात ते गुपित, आणि बाईंच्या तोंडात एरवी तीळ भिजायचा नाही. मागावं तर मास्तर चिडणार, न मागावं तर कुढणार. एकदा त्यांनी डबा सहज विसरल्यासारखा कटिंगच्या टेबलावर ठेवून पाहिला. मास्तरांनी तो पट्टीच्या टोकाने बाजूला सरकवला आणि म्हणाले, "कापडाला गंज लागेल."

नुसत्या डब्याने बंब काही होईना. तेव्हा कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवाल्याने युक्ती काढली. त्याला सगळे झटपट म्हणायचे, कारण त्याचं कुठलंही काम झटपट व्हायचं आणि मग दोनदा करावं लागायचं. मालकांकडून उरलेलं फुलाफुलांचं कापड मागून घेऊ, म्हणाला, मुलींचे फ्रॉक शिवू आणि विकू. मालक हो म्हणाले. कापायला मास्तरांना कोण विचारणार? कुणीच नाही. झटपटनेच कात्री उचलली. मास्तर शेजारच्या टेबलापाशी पाठ करून उभे होते. पाठीला सगळं दिसत असावं, कारण ती जरा ताठली होती.

रविवारी सगळे शिवायला बसले. पहिल्या फ्रॉकला डावी बाही सुरेख बसली. उजवी काही केल्या बसेना. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग कुणीतरी सगळ्या बाह्या मशीनवर पसरल्या. झटपटने कापडाचे सगळे थर सुलटी बाजू वर ठेवून घातले होते आणि बाहीचा कागदी खाका पालटायचा विसरला होता. अख्खा ढीग डाव्या बाह्यांचा. वर कापड संपलेलं, आणि थंडी दाराशी आलेली.

झटपट म्हणाला की एखाद्याला कळणारही नाही. त्यावर पॅकिंगवाली म्हणाली, "कळेल रे, मुलीने हात वर केला की कळेल."

बाई उठल्या. सोमवारपर्यंत थांबायचं त्यांच्या जिवावर आलं. एका पिशवीत बाह्या कोंबल्या आणि तडक मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तर खुर्चीचा मोडका पाय बांधत होते. त्यांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली आणि मुंढ्याची गोलाई अंगठ्याने चाचपली. आतून वहिनी कपांचा जास्तीच आवाज करत होत्या.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"मागायला आले," बाई म्हणाल्या. "मास्तर, काकांसाठी हातभार लावा. कात्रीचा लावा, खिशाचा लावा, तुम्हाला जमेल तो लावा. आम्ही इतकी वर्षं विचारलं नाही, ते चुकलंच."

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो पुसायला हातातली बाहीच वापरली.

"बाह्या लावूच नका," ते म्हणाले. "त्यांतून सरळ पट्ट्या काढा. पट्टीला डावं-उजवं नसतं. खांद्यावर झालर बसेल. आणि डबा माझ्याकडे पाठवा. पण कुणी किती टाकलं ते कुणाला दिसता कामा नये."

सोमवारी मास्तरांनी स्वतः पट्ट्या कापल्या. झटपटला शेजारी उभा करून एवढं बोलले, की त्याने पुढे आयुष्यात खाका पालटल्याशिवाय कात्री धरली नाही. एक बाही त्यांनी बाजूला ठेवली होती. चिरेचं झाकण काढून ती डब्याच्या तोंडाभोवती घट्ट बांधून बसवली. आता मूठ बाहीत घालायची, कोपरापर्यंत आत जायचं आणि रिकामा हात बाहेर काढायचा. नोट टाकली, नाणं टाकलं की नुसतीच बोटं हलवली, कुणाच्या बापाला कळायचं नाही. पहिला हात मास्तरांनी घातला. इतका वेळ घातला की पॅकिंगवाली म्हणाली, "मास्तर, टाकताय की काढताय?" मास्तर हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते, हे कारखान्याला त्या दिवशी कळलं.

झालरीचे फ्रॉक हातोहात गेले. थंडीच्या तोंडावर बंब बसला.

डबा मात्र थांबला नाही. दवाखान्याला पुढच्या वर्षी रजया लागल्या, मग चाकाची खुर्ची. पैसे पोचवायचं काम मास्तरांनी कुणाच्या हाती लागू दिलं नाही. निवृत्त झाले तरी दर वर्षी ते ठरल्या दिवशी येत, बसचं भाडं डब्यातून घ्यायचं नाही म्हणून बाईंशी वाद घालत आणि जात.

मास्तरांच्या शेवटच्या फेरीलाही ते तसेच आले. जरा वाकले होते, जिना चढताना कठडा धरत होते. बाई म्हणाल्या, या खेपेला झटपटला सोबत न्या. मास्तर म्हणाले, तो सोबत असला की दोनदा जावं लागतं. रिक्षाने जा म्हटलं तर बस कुठून सुटते ते सांगू लागले. पिशवी काखेत घट्ट धरून ते गेले. दवाखान्यात पैसे मोजून दिले, पावती मागून घेतली, मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि त्याखाली बोट धरलं. पाणी कढत होतं. तिथल्या नर्सला त्यांनी सांगितलं, नळ गळतोय, वायसर बदला. आणि परतीच्या बसची वाट बघत फाटकाशी उभे राहिले.