बाईचं लखनौ

लखनौला जायचं ते हिवाळ्यात, आणि जमलं तर याच हिवाळ्यात. आईला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत मी चार वर्षं घालवली आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या घरी आईला बाई म्हणत. सांगलीच्या शाळेत ती पस्तीस वर्षं इतिहास शिकवत होती. गावाची बाई ती आमचीही बाई. अवधच्या नवाबांची राजधानी लखनौ, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिथे उभा राहिलेला इमामबाडा, हे ती दरवर्षी अगदी पाहून आल्यासारखं रंगवून सांगायची. पाहिलं मात्र काहीच नव्हतं. मग काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “इमामबाडा तेवढा बघायचा होता गं.” मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

कल्याणहून गाडीला एक दिवस आणि वर काही तास लागले. दशम्या-चटणी भरपूर घ्या, उरल्या तर लखनौकर संपवतात. स्टेशनवर मामेभाऊ मिलिंद आला होता. तो तिथे बँकेत, घर इंदिरा नगरात. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत.

“आत्याआजी, आप थक गईं?”

“एवढीशी पोर मला आप म्हणते!” बाई दिवसभर त्यातच खूश.

दुसऱ्या दिवशी चौक, म्हणजे तिथला जुना बाजार. टेंपोने जा, पुढे सायकलरिक्षा, आणि सकाळी लवकर, कारण मक्खन-मलाई ऊन चढलं की संपते. पानाच्या द्रोणात दुधाचा केशरी फेस. जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसा होतो. पुढच्या गल्लीत चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांवरून बाई डोळे मिटून बोटं फिरवत राहिली. दुकानदार घाई करेना आणि तीही करेना.

इमामबाड्यात चपला बाहेर काढायच्या आणि गाईड घ्यायचाच. आम्हाला पांढऱ्या दाढीचे, विटक्या शेरवानीतले एक आजोबा मिळाले. मोठ्या दालनात बाई मान वर करून उभी राहिली. आत अंधूक उजेड होता. तिला दारांपाशी उजेडाचे तुकडे दिसत होते, बस.

“छत कुठंय गं?”

मला रडू आलं. चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर दिसलं असतं.

वरच्या सज्ज्यात जायचा जिना अंधारा आणि उभा. मी ओरडत होते, “बाई, सांभाळ! बाई, पायरी!”

आजोबा थबकले. हळूच म्हणाले, “बिटिया, बुरा न मानिए. वालिदा को, अपनी माँ को, बाई कहकर न पुकारिए. हमारे यहाँ बाई नाचने-गाने वालियों को कहते थे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसली. “हमारे यहाँ बाई मतलब मास्टरनी. मैं पैंतीस बरस इतिहास पढ़ाया. आपका इमामबाडा भी.”

“बिन देखे?”

“बिन देखे. अभी भी नहीं दिखता.”

आजोबा आम्हाला वर घेऊन गेले. आम्हाला सज्ज्यात उभं करून म्हणाले, “यहीं ठहरिए. बस, कान इधर रखिए,” आणि दालनाला वळसा घालून पार समोरच्या टोकाला गेले. पन्नास मीटर तरी असेल, मध्ये एक खांब नाही. तिथून कागद फाटल्याचा आवाज आला, अगदी शेजारी फाटावा तसा. मग चर्र.

“काडी! काडी ओढली त्यांनी!” बाईने माझा हात घट्ट धरला.

आणि कुजबुजीएवढ्या आवाजात, पलीकडून: “बाई, आदाब.”

बाईने आवाजाच्या दिशेने हात कपाळाशी नेला. “आता कळलं केवढा आहे ते,” ती म्हणाली.

तिथून आणलेला कुर्ता विरून गेला. तीन वर्षांत बाईची नजरही पूर्ण गेली. संध्याकाळी मी निरांजनासाठी काडी ओढली, की बाहेरच्या खोलीतून ती म्हणायची, “आदाब!” आणि मी म्हणायचे, “आदाब, बाई.”

आता बाई नाही. काडी ओढल्यावर मी अजून जरा थांबते.