भिंतीआडची पोरं

"पोट आत, छाती भायेर, तोंड हसरं!"

सकाळी ही आरोळी उठली, की आमच्या गावची कोंबडी आणि पोरं एकदमच बाहेर पडत. आरोळी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पहिल्या लढाईतून ते हवालदार होऊन आले ते एका पायाने लंगडत, पण मिशीला पीळ देतच. पुढे म्हसवडच्या अलीकडच्या आमच्या गावात पेन्शन खायची आणि पोरांना हुतूतू शिकवायचा, हाच त्यांचा उद्योग. दुसरी लढाई पेटली, तरी मैदान सुटलं नाही.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. दोन वेण्या, एक गळकं नाक आणि आपल्यावाचून संघ चालत नाही अशी ठाम समजूत. काम पोरांचे सदरे राखायचं, रुबाब मात्र सेनापतीचा!

आबांची एक खोड होती. तासगावकडचा सामना जिंकून आले, की पोरांना वेशीच्या भिंतीआड लपवायचे आणि आपण एकटेच पडलेल्या तोंडाने गावात शिरायचे. "गेलं वो समदं. हरलो." बाया हळहळल्या, की पोरं फेटे उडवीत बाहेर! दर वेळी सगळ्यांत आधी फसायची गजराकाकी, आणि मोठ्यानं हसायचीही तीच. तिचा नवरा मेंढरांमागे फिरता फिरता गेलेला. मागे एकटा बिरू. अंगानं काटकी, पण दम असा की समोरच्यांचे हातपाय गळावेत.

मग भरतीवाले आले. सगळ्या पोरांच्या छात्या भरल्या, बिरूची भरेना. त्याला तर जायचंच होतं. आबा कानाशी म्हणाले, "हुतूतूत धरतूस तसा दम धर. हसलास तर मेलास, गड्या." मग टेपवाल्याला पलटणीतला असा एक चावट किस्सा सांगितला, की तो डोळे पुसत राहिला आणि भलताच आकडा सांगून बसला. बिरू पास!

गजराकाकी आबांना म्हणाली, "आवं हवालदार, परत येईल न्हवं माजं पोर?"

"न यायला काय झालं, वैनी? भिंतीआड लपवून आणतो बगा."

सगळे हसले. मी तर नाचले. मला लढाई म्हणजे तासगावच्या सामन्याची थोरली बहीण वाटत होती. अक्कल एवढीच.

पलटणीची तार आली, की ती पेन्शनर हवालदारानं त्या घरी जाऊन सांगायची, अशी आमच्या गावची रीत. बिरूची तार आली ब्रह्मदेशाकडून. आबांनी कोट चढवला, बटणं लावली आणि निघाले. मी मागोमाग.

गजराकाकी दारात ज्वारी पाखडत होती. आबा म्हणाले, "वैनी, बिरू गेला."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. "लय चावट बगा तुमी!" सूप टाकून ती धावत वेशीपाशी गेली आणि भिंतीमागे डोकावली. मग भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथंही डोकावली.

आबा पुन्हा म्हणाले, "वैनी, खरंच गेला." पुन्हा ती हसली. आबांनी टोपी काढली, जमिनीवर बसले, कपाळ बडवून घेतलं. ती पोट धरून हसली. आबा जितके रडत, तितकी तिला चेष्टा खरी वाटे.

त्यानंतर मैदान ओस पडलं. उरलेल्या पोरांनी बोलावणी केली, आबा उठले नाहीत. देवळाच्या वाटेवर गजराकाकी भेटायची तेव्हा पदर सावरत म्हणायची, "पुरं की आता, हवालदार. बोलवा त्याला."

दोन दिवाळ्या आबा तिला खरं सांगत राहिले. तिसऱ्या दिवाळीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आडवी आली. आबांनी वेशीच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोलवतो, वैनी. उद्या."

काकी लगबगीनं घरी वळली, पोराच्या उटण्याचं बघायला. मी आबांचा हात धरून ओढला. ते जागचे हलले नाहीत.