काटा आणि कासव

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणारे गृहस्थ दाबमापकं दुरुस्त करतात. बॉयलर, बर्फाचा कारखाना, इस्पितळातल्या प्राणवायूच्या टाक्या, जिथे काहीतरी कोंडून ठेवलेलं आहे आणि ते फुटेल अशी भीती आहे, तिथे एक गोल तबकडी असते. तीत एक काटा असतो आणि तो खरं बोलतो की थापा मारतो, हे ठरवायला यांना बोलावतात. बत्तीस वर्षं हाच उद्योग. कामावरचे लोक दाबमापकाला गेज आणि त्यांना गेजमास्तर म्हणत. पुढे त्यातला गेज गळाला आणि नुसते मास्तर उरले. त्यामुळे इमारतीत नवीन आलेली बिऱ्हाडं मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला त्यांच्याकडे जातात. मास्तर त्यांना आत बोलावतात, चहा पाजतात आणि घरचा कुकर तपासून देण्याची तयारी दाखवतात.

मास्तरांची एक पद्धत आहे. कुठलाही काटा वाचण्याआधी ते काचेवर तीनदा टकटक करतात. अडकलेला काटा त्याने मोकळा होतो, असं शास्त्र आहे. या कामासाठी त्यांच्या खिशात एक बोटभर पितळी पाना कायम असतो. डॉक्टर रक्तदाब बघायला लागले की मास्तर आधी डॉक्टरांच्या यंत्रावर टकटक करतात आणि मगच दंड पुढे करतात. त्यांच्या घरच्या कुकरला त्यांनी स्वतः गेज बसवलेलं आहे. त्या घरात शिट्ट्या मोजत नाहीत, आकडा वाचतात.

वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतात. पुढे काउंटरवर गोड बोलणारी माणसं वेगळी, मागे यंत्रापाशी बसणाऱ्या वहिनी वेगळ्या. अकरा वर्षांपूर्वी या दुकानाने समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या मास्कना नंबरची भिंगं बसवून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून अडीचशेच्या वर मास्क वहिनींच्या हातून गेले. मास्क परत घ्यायला येणारी माणसं समुद्राखालच्या गोष्टी सांगत. खडकाच्या एका कपारीशी एक म्हातारं कासव रोज सकाळी येतं आणि छोटे मासे त्याची पाठ साफ करून देतात, ही गोष्ट तर वहिनींनी नऊ जणांकडून ऐकली होती.

"माझ्या भिंगांतून अख्खं गाव ते कासव बघून आलं," वहिनी म्हणत. "मी काय बघते? भिंग."

हे कासव काही साता समुद्रापलीकडे नव्हतं. बसने दोन तासांवरच्या बंदरात होतं. मास्तर त्या बंदरात अठरा वर्षं महिन्यातून एकदा जात आले होते, बर्फाच्या कारखान्यातली गेजं तपासायला. तिथला समुद्र कसा आहे, असं विचारलं तर ते म्हणत, "असेल. कारखान्याची दारं दुसऱ्या बाजूला आहेत."

एवढ्या जवळचं काम असल्यामुळे ते अकरा वर्षं पुढे ढकलता आलं. आणि एक दिवस वहिनींनी बंदरावरच्या, समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या केंद्राचं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं. त्यात दोन नियमांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. नवख्या माणसाने आपला जोडीदार आणलाच पाहिजे आणि दोघांनी खाली शेवटपर्यंत जोडीनेच राहायचं. एक वर आला की दुसऱ्यानेही वर यायचं. दुसरा नियम वयाचा. साठी पूर्ण झालेल्या नवख्याला पाण्यात घेत नाहीत.

त्या दिवशी बुधवार होता. पुढच्या मंगळवारी मास्तर साठ पूर्ण करणार होते.

"बहिणीला घेऊन जा ना," मास्तर म्हणाले.

त्यांची बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं, बासष्टच्या होत्या. शिवाय त्या दोन वर्षांपूर्वी विमानाने कुठल्याशा बेटावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या होत्या आणि चारशे फोटो घेऊन परतल्या होत्या. फोनवर त्यांनी आपलं मत दिलं. "अगं, दोन तासांवर कसला आलाय समुद्र! तो तर आपलाच. आणि त्याला पाण्यात घालू नकोस, तो तिथेही काहीतरी उघडून ठेवील."

वहिनींनी फोन ठेवला आणि मास्तरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "अहो, शनिवारची दोन तिकिटं काढली आहेत."

मास्तरांनी शेवटचा मुद्दा काढला. त्यांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. खाली टाकीत किती हवा उरली हे दाखवणारं गेज प्रत्येकाच्या कमरेशी लोंबत असतं, आणि जे गेज वाचता येत नाही त्याच्या भरवशावर बत्तीस वर्षांत ते कुठे गेले नव्हते. वहिनी उठल्या, कपाटातून एक मास्क आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. काचेच्या खालच्या भागात वाचायच्या नंबराच्या दोन चकत्या नीट चिकटवलेल्या होत्या.

"वरून समुद्र दिसेल, खालून गेज," वहिनी म्हणाल्या. "आता बोला."

मास्तरांनी मास्क हातात घेतला. त्यांनी काचेवर टकटक करून पाहिलं.

शनिवारी दुपारी केंद्रावर शिकवणी झाली. ट्रेनर मुलगी चाळिशीच्या अलीकडची, उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. तिने पहिला नियम तीनदा म्हणवून घेतला: श्वास रोखायचा नाही, काहीही झालं तरी श्वास चालू. मग खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे वर जायचं. टाकीवर तीन टकटक म्हणजे माझ्याकडे बघा. ही शेवटची खूण ती सांगत होती तेव्हा मास्तर भिंतीवर टांगलेल्या हवेच्या पंपाचं गेज वाचत होते.

रविवारी सकाळी होडी कपारीपाशी नांगरून उभी राहिली. पाणी कोमट होतं, आभाळ स्वच्छ होतं. वहिनी रबरी पोशाखात शिरून, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधून तयार बसल्या होत्या. मास्तरांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक लाकडी पेटी काढली. आत मखमलीवर त्यांचं स्वतःचं तपासणीचं गेज होतं.

"काका, हे काय?" ट्रेनर म्हणाली.

"प्रमाण गेज. तुमची याच्याशी ताडून बघतो. पाच मिनिटांचं काम."

आटे जुळले नाहीत. टाकीचे आटे वेगळे, मास्तरांचे वेगळे. तेव्हा त्यांनी तपासणीचा दाखला मागितला.

"आहे की, ऑफिसात. बंदरावर."

"म्हणजे गेज इथे आणि दाखला तिथे," मास्तर म्हणाले. न्यायाधीशाने वाचावं तसं त्यांनी ते वाक्य वाचलं. मग पितळी पाना काढून ते होडीवरच्या आठही गेजांवर टकटक करत निघाले. सहावर काही हललं नाही. सातव्यावर काटा दोनशेवरून टुणकन एकशे नव्वदवर आला.

होडीवाला इतका वेळ नांगराचा दोर धरून बसला होता. तो म्हणाला, "साहेब, मासे पेन्शनीत निघतील."

"हे बाजूला ठेवा," मास्तर म्हणाले. ट्रेनरने ते गेज हातात घेतलं, स्वतः टकटक केली, काटा पुन्हा जागचा हलला. तिने ते होडीतल्या हत्यारांच्या पेटीत टाकलं आणि मास्तरांना 'काका'ऐवजी 'सर' म्हणायला लागली. हे मास्तरांना पुरेसं होतं, पण त्यांनी बाकीची सगळी दुसऱ्यांदा तपासायला घेतली.

रबरी पोशाख पाण्यात ऊब देतो, पण होडीवर उन्हात तो माणसाला उकडून काढतो. वहिनींचा चेहरा लाल झाला होता. चाळीस मिनिटं त्यांनी हाताने वारा घेतला. मग म्हणाल्या, "अहो, आज रविवार. परवा मंगळवार."

मास्तर थांबले. आठांतलं सर्वांत विश्वासू गेज त्यांनी वहिनींच्या टाकीला लावायला सांगितलं. स्वतःसाठी त्यांनी पाच आकडे जास्त दाखवणारं निवडलं. "याची खोड मला कळली आहे," ते म्हणाले. "खोड कळली की माणूस निश्चिंत."

"तीस वर्षं मी तेच करते आहे," वहिनी म्हणाल्या आणि मास्क डोळ्यांवर ओढून पाठीमागे पाण्यात पडल्या.

पुढची हकिकत दोघांनी वेगवेगळी सांगितली. मी दोन्ही जोडून देतो आहे.

सात मीटर खाली पांढरी वाळू होती, मधोमध खडक होता. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे तिथे पिवळ्या माशांचा थवा होता, पट्टेवाले मासे होते, एक मासा तर त्यांच्या मास्कपाशी येऊन भिंगाची बारकाईने तपासणी करून गेला. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दोन गेजं होती. एक त्यांचं, एक वहिनींचं. मास्कच्या वरच्या भागाशी त्यांनी संबंधच ठेवला नाही. मान खाली, नजर चकत्यांतून, डाव्या हातात वहिनींची नळी, उजव्या हातात पितळी पाना. दर दोन मिनिटांनी ते वहिनींच्या गेजावर तीन टकटक करत.

पाण्याखाली आवाज लांब जातो. पहिल्या टकटकीला ट्रेनर गर्रकन वळून आली: काय झालं? मास्तरांनी अंगठ्याला तर्जनी लावून सांगितलं, सगळं ठीक. दुसऱ्यांदा ती आली. तिसऱ्यांदा आली. सातव्यांदा तिने नुसती मान वळवली. त्यानंतर तेही सोडून दिलं.

मग एकविसावं मिनिट लागलं. ट्रेनरने स्वतःच्या टाकीवर तीन टकटक केली.

वहिनींनी वर पाहिलं. मास्तरांनी आज्ञाधारकपणे गेज पाहिलं.

वहिनींचं गेज एकशे तीसवर होतं. मास्तरांनी वाट पाहिली. काटा हलला नाही. त्यांनी टकटक केली, तरी हलला नाही. मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं, पुन्हा टकटक केली. एकशे तीस. खाली उतरताना वहिनी मिनिटाला चार-चार आकडे संपवत होत्या. आता एकही नाही. आता दोनच शक्यता होत्या. एक तर होडीवरचं सर्वांत विश्वासू गेज, जे त्यांनी स्वतः निवडलं होतं, ते अडकलं होतं. नाहीतर वहिनींचा श्वास थांबला होता.

बत्तीस वर्षांत त्यांनी आपल्या निवडीवर कधीच संशय घेतला नव्हता, आज मात्र गेजच खोटं ठरावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पाना हातातून सुटला आणि वाळूत गेला. मास्तरांनी अंगठा वर करायला मूठ वळली. अंगठा दिसला की संपलं. एक वर, दोघे वर, आणि मंगळवारनंतर हा जोडीदार पुन्हा पाण्यात जाणार नव्हता.

मूठ वर नेता नेता त्यांची मान वर झाली. मास्कच्या वरच्या भागातून त्यांनी पहिल्यांदा समोर पाहिलं.

समोर वहिनींचा चेहरा होता. डोळे भिंगामागे मोठे, स्थिर. तोंडातल्या नळीशेजारून बुडबुडे निघत होते. बारीक, सावकाश, एकामागून एक, जणू त्यांना कुठेच जायची घाई नव्हती. श्वास चालू होता. इतका संथ चालू होता की काट्याला त्याची गंधवार्ता नव्हती. त्या मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

मास्तरांची मूठ तशीच थोडा वेळ पाण्यात राहिली. मग त्यांनी बोटं सोडली आणि हात खाली घेतला.

होडीवर आल्यावर वहिनींनी तोंडातली नळी काढली ती बोलायलाच. "पाहिलंत? एवढं जवळ! पाठीवर मासे, अन् ते डोळे मिटून नुसतं उभं! अहो, पाहिलंत ना?"

"कोण?"

"कासव!"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग पस्तीस मिनिटं खाली काय करत होता?"

"तुझं गेज बघत होतो."

होडीवाल्याने तोंड फिरवून इंजिन चालू केलं. वहिनी बंदर येईपर्यंत मास्तरांकडे पाठ करून बसल्या. उतरल्यावर पोशाख वाळत घातला, मास्क पुसला आणि बसची वेळसुद्धा ट्रेनरला विचारली.

बसमध्ये मास्तरांनी खिडकीकडे बघत सांगायला सुरुवात केली. "पहिली पाच मिनिटं तू घाबरलेली होतीस. वीस आकडे गेले. नवव्या मिनिटाला एकदम हसलीस बहुतेक."

वहिनींनी मान वळवली. "तो भिंग बघणारा मासा."

"असेल. एका झटक्यात तीन गेले. चौदा ते सतरा काही विशेष नव्हतं."

"नुसती वाळू होती तिथे."

"एकविसाव्याला एकशे तीसवर थांबलीस. मग तीन मिनिटांत मिळून दोन. मी वर न्यायला निघालो होतो." मास्तरांनी खिडकीवरची नजर काढली. "मग तुझ्याकडे पाहिलं, तर तू ठीक होतीस."

पुढच्या थांब्याला वहिनींनी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाना कुठे आहे तुमचा?"

"खाली."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच्या पिशवीतली बिस्किटं त्यांच्या हातात दिली.

केंद्राने पाठवलेला फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत, घड्याळाशेजारी आहे. उजवीकडे वहिनी. डावीकडे डोळे मिटलेलं अजस्र कासव, पाठीवर मासे. मधे, कासवापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे पूर्ण पाठ करून मास्तर. एक मूठ अर्धवट उचललेली.

मंगळवारी साठीसाठी आलेल्या वन्संनी तो फोटो चष्मा लावून जवळून पाहिला.

"अरे, एवढं कासव मागे, आणि तू उलटा तोंड करून काय उभा?"

"मी कामावर होतो," मास्तर म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून हसल्या. मास्तर तेवढ्यात उठले आणि कुकरचा काटा बघायला आत गेले. टकटक ऐकू आली ती नखाची होती, आणि एकदाच.