काळ्या चौकटीतला वर्ग

आमच्या गावात बातम्या खांबांवर वाचायच्या असतात. कोण गेलं, कुणाला जाऊन चाळीस दिवस झाले, कुणाला वर्ष झालं, सगळं काळ्या चौकटीतल्या कागदावर, वर फोटो. बसथांब्याच्या काचेवर, बेकरीच्या दारावर, चर्चच्या फाटकावर. पाव आणायला जाते तेव्हा पिशवी हातात धरून मी आधी ते वाचते. सगळेच वाचतात. जिवंत माणसाबद्दल काही लावावं अशी वेळ डॅन्यूबकाठच्या या आमच्या गावावर फारशी येत नाही.

प्रोफेसर व्हेलिचको रादुलॉव आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे फक्त द्राक्षांचा मांडव. ते लोकप्रशासन शिकवायचे, म्हणजे सरकारी कचेऱ्या माणसांसाठी कशा चालवाव्यात ते. आणि शिकवलं कुठे कुठे! हनोईत, लुआंडात, अदिस अबाबात, मंगोलियात. बायको सगळीकडे सोबत हिंडली आणि शेवटी इथे, तिच्या माहेरच्या गावात, वारली. मूलबाळ नव्हतं. प्रोफेसर इथेच राहिले.

कुठल्याही देशात त्यांचा पहिला तास एकाच गोष्टीवर असायचा, कचेरीच्या खिडकीवर. आमच्याकडे त्या खिडक्या इतक्या खाली की अर्ज द्यायला माणसाला कमरेत वाकावंच लागतं. वाकल्यावर आतल्या कारकुनाची फक्त हनुवटी दिसते. "जे सरकार माणसाला वाकवून त्याचं ऐकतं," ते म्हणायचे, "त्याला ऐकायचं नसतंच." लुआंडाच्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने पुढे मोठा अधिकारी झाल्यावर आपल्या कचेरीतल्या सगळ्या खिडक्या छातीएवढ्या उंच करून घेतल्या आणि फोटो पाठवला. तो प्रोफेसरांच्या फ्रिजवर कायम लावलेला असे. आमच्या नगरपालिकेची खिडकी मात्र होती तिथेच. त्या खिडकीमागे बसणारा ऑग्न्यान त्यांचाच विद्यार्थी.

"ऑग्न्यान, खिडकीचं काय झालं?" भेटला की ते विचारायचे.

"बजेट, प्रोफेसर, बजेट."

"करवत माझ्याकडे आहे."

"तुमची थट्टा कळते मला," असं म्हणून ऑग्न्यान घड्याळाकडे बघायचा.

निवृत्तीनंतर त्यांच्या शब्दाखातर शहरातल्या विद्यापीठाने इथे एक शाखा उघडली होती, जुन्या बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर. सुरुवातीला बाकं पुरत नसत. मग पोरं स्पेनला गेली, जर्मनीला गेली, ज्यांना कुठेच जमलं नाही ती राजधानीत, सोफियाला गेली. दर वर्षी एक रांग रिकामी होत गेली. त्या उन्हाळ्यात शहरातून निरोप आला की सप्टेंबरात निदान आठ मुलं आली नाहीत, तर शाखा बंद. प्रोफेसरांकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. बायको नाही, परदेशची बोलावणी थांबलेली. सोमवारी सकाळी टाय बांधून जायला ती एक खोली होती.

मी अंगणात मिरच्या भाजत होते तेव्हा ते मांडवाखाली येऊन बसले. माझा नवरा स्तामेन सोलत होता.

"प्रोफेसर, इथे आता कारभार करायला शिकवणार कुणाला?" स्तामेन म्हणाला. "नदीवरच्या बदकांना?"

"बदकं रांगेत चालतात, स्तामेन. निम्मं शिक्षण तर झालेलंच आहे."

"मग भरा त्यांची फी!"

मी हसले, पण प्रोफेसर हसले नाहीत. म्हणाले, "नेवेना, मी जाहिरात लावणार. लोक जिथे वाचतात तिथेच."

लोक कुठे वाचतात ते मला कळलं, आणि मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, कोण जाणे. त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकत होते.

छपाई आमच्याकडे एकाच दुकानात होते, गिंकाच्या. ती वर्षानुवर्षं मृत्यूचेच कागद छापते. लग्नपत्रिका शेवटची कधी छापली ते तिलाही आठवत नाही. मी सोबत गेले होते. प्रोफेसरांनी टाय घातलेला पासपोर्टचा फोटो दिला आणि मजकूर सांगितला. वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरांत, लोकप्रशासनाचा वर्ग, सोमवारी सकाळी दहा, बंदराची कचेरी, सर्वांनी यावे.

"चौकट नको, गिंका," प्रोफेसर म्हणाले.

"चौकटीशिवाय कागद उघडा वाटतो हो. आणि मशीन आपोआपच टाकतं. मला ते बदलता येत नाही, माझा भाचा करायचा, तो गेला इंग्लंडला."

"बारीक तरी कर."

"बारीकच आहे की! मोठी तर मी महापौरांना घातली होती."

शुक्रवारी त्यांनी स्वतः हातात गोंद घेऊन कागद लावले. शनिवारी सकाळी दारावर पहिली टकटक झाली, ती आमच्या दारावर. झ्लाता आजी. डोक्याला काळा रुमाल, एका हातात उकडलेल्या गव्हाचा वाडगा, वर पिठीसाखर, दुसऱ्या हातात शेवंतीची चार फुलं. असा गहू आणि सम संख्येत फुलं आम्ही मेलेल्यांसाठीच नेतो.

"नेवेना, किल्ली तुझ्याकडे असेल ना गं? कुठे ठेवलंय त्यांना, घरीच?"

मी तोंड उघडायच्या आत मांडवापलीकडचं दार उघडलं आणि प्रोफेसर बाहेर आले, अंगात बनियन, गालाला साबण.

"अगं बाई!" झ्लाता आजीने छातीवर क्रूसाची खूण केली. "हा तर उभा आहे!"

"आजी, या. गहू आणलाय तर खाऊया."

दुपारपर्यंत अंगण भरलं. प्रत्येक जण फुलं घेऊन फाटकातून आत यायचा, त्यांना बघून थबकायचा, मग हसायचा, शिव्या घालायचा. "प्रोफेसर, हा कसला प्रकार! मी काळा कोट पेटीतून काढला!" "मी आधीच रडून घेतलं, ते आता परत कसं घेऊ?" स्तामेनने राकिया, आमची घरची फळांची दारू, काढली. मेलेल्या माणसाच्या नावाने थोडी जमिनीवर सांडायची असते. त्याने जमिनीकडे पाहिलं, प्रोफेसरांकडे पाहिलं आणि गोंधळून स्वतःच पिऊन टाकली.

मग प्रोफेसरांनी विचारायला सुरुवात केली. आधी झ्लाता आजीला. "आजी, तुमची नात हुशार. तिला पाठवा ना वर्गाला."

"डेनित्सा? ती स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडते."

"हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात संत्री."

ते पुढच्याकडे वळले. मुलगा जर्मनीत, ट्रक चालवतो. त्याच्या पुढची म्हणाली, माझ्या दोघी मुली लंडनला, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालतात. "आणि तुला कोण घालतं?" कुणीतरी मागून विचारलं, आणि तो विनोद होता तरी कुणी हसलं नाही. प्रोफेसर एकेकासमोर जाऊन उभे राहिले, आणि माणसं हातातल्या फुलांकडे बघत उत्तरं देत राहिली. एवढी माणसं त्यांच्यासमोर कित्येक वर्षांत बसली नव्हती. बसली होती ती सगळी म्हातारी.

निघताना फुलं कुठे ठेवायची हे कुणालाच कळेना. शेवटी सगळ्यांनी ती माझ्या बादलीत घातली.

सोमवारी मी मुलांसाठी बानित्सा भाजली, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, मोठ्या ताटात. बंदराच्या कचेरीचा जिना चढून गेले तेव्हा प्रोफेसर फळा पुसत होते. कोरा फळा. दहा वाजले, अकरा वाजले. जिन्यावर पावलं वाजली तसे ते टाय नीट करून दाराकडे वळले. ऑग्न्यान होता.

"प्रोफेसर, या खोलीची किल्ली..." तो म्हणाला. "शहरातून फोन आला होता. मला फक्त सांगितलंय."

"बस ना. बानित्सा खा."

तो उभ्यानेच खाऊ लागला. प्रोफेसरांनी किल्ली त्याच्या रिकाम्या हातावर ठेवली.

कागद मात्र खांबांवर तसेच राहिले. आमच्याकडे असे कागद कुणी काढत नाही. मी म्हटलं, "काढते मी, प्रोफेसर."

"राहू दे. पाऊस काढेल."

पाऊस आला, पण गिंकाचा गोंद चांगला होता. रस्त्यात भेटेल तो म्हणायचा, "काय प्रोफेसर, अजून इथेच?" पहिल्यांदा ते हसले. मग नुसती मान हलवू लागले. मग बाहेर जाणंच बंद केलं. पाव मी देऊ लागले मांडवातून. लुआंडाचा फोटो फ्रिजवर होता, पण त्याच्याबद्दल ते बोलेनासे झाले.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या चिमणीतून धूर दिसला नाही.

मी गिंकाकडे गेले. दुसरा फोटो सापडला नाही, तोच द्यावा लागला. चौकटीबद्दल कुणी काही बोललं नाही. खांबांवर मी तो कागद जुन्याच्या शेजारी लावला, नदीवरून बर्फाळ वारा येत होता. दफनाला पाद्री, मी, स्तामेन आणि गिंका. झ्लाता आजीला नातीने तोवर स्पेनला नेलं होतं. परतताना बेकरीत थांबले तर तिथली बाई म्हणाली, "कागद पाहिला हो. पुन्हा वर्ग काढतायत वाटतं? चिवट माणूस!"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घराच्या कामासाठी मला नगरपालिकेत जावं लागलं. खिडकीशी वाकले. आत ऑग्न्यानची हनुवटी. त्याने नाव वाचलं आणि हात थांबला.

"कधी?"

मी सांगितलं.

 मग तो म्हणाला, "मी कागद पाहिला होता, नेवेनाबाई. जवळ जाऊन वाचला नाही. वाटलं, वर्गाचाच आहे, इथेच कुठे असतील, पुन्हा खिडकीचं विचारतील. म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून गेलो."

त्याने पेन बाहेर सरकवलं. सही कुठे करायची ते दिसावं म्हणून मी आणखी खाली वाकले.